तोंडानं सांग

मंगळवार, ११ जून

पाकीट बघून कपाळाला आठ्या घालू नकोस. फोन करायचा नाही हे आपलं ठरलंय, म्हणजे थेरपी केंद्रातल्या मॅडमनी ठरवलंय आणि मी मान डोलावली आहे. फोनवर तुझा आवाज आला की भिंगरी दारापाशी जाऊन बसते, काही केल्या उठत नाही, आणि दुसऱ्या दिवशी केंद्रातल्या तासांचा विचका होतो. मागच्या आठवड्यात तसंच झालं. म्हणून कागद. लग्न ठरल्यावर तू चार ओळी लिही म्हणायचीस तर मला घाम फुटायचा. आता बघ.

पहिली गोष्ट, मी तुला घराबाहेर काढलेलं नाही. तुझ्या दादानं हेच शब्द वापरले आणि मी ऐकून घेतले, कारण तो मोठा आहे. पण त्या दिवशी तू केंद्राच्या काचेच्या दारावर दोन्ही मुठी आपटत होतीस. इतर मुलांचे आईबाप बाकांवर बसून बघत होते. मॅडम बाहेर आल्या आणि आवाज न चढवता म्हणाल्या, "आई जवळ आहे हे कळतंय तोवर ती रडणार. एक तर आईनं काही आठवडे लांब राहावं, नाहीतर तुम्ही दुसरं केंद्र बघा." दुसरं कुठलं? कानाचे डॉक्टर झाले, मेंदूचे झाले, तो आहारवाला झाला, ज्यानं दूध बंद करायला लावून पोरीची काडी केली. सगळे उंबरठे झिजवून झाले होते. म्हणून सगळ्यांदेखत म्हणालो, "तू थोडे दिवस दादाकडे जा." तू माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलंस ती मला आवडली नाही. पण निर्णय बरोबर होता.

तुला सायकलवाल्या बाईंकडेच चालू ठेवायचं होतं, मला माहीत आहे. सायकलच्या दुकानावर त्यांची खोली म्हणून हे नाव मी ठेवलं आणि तू दरवेळी चिडायचीस. बाई चांगल्या आहेत, स्पीच थेरपीची रीतसर पदवी आहे त्यांच्याकडे. पण वर्षभर त्या भिंगरीबरोबर सतरंजीवर लोळल्या, आणि भिंगरीनं त्यांचा हात धरून नळावर ठेवला की नळ सोडत बसल्या. मी विचारलं, "बोलणार कधी?" तर म्हणाल्या, "सांगता येत नाही. पण ती सांगते आहेच की, तुमचा हात धरून." हे ऐकायला मी रजा काढून जिने चढलो? मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. कुणी विचारलं लिफ्ट कधी चालू होणार, आणि मी म्हणालो सांगता येत नाही, पण ती उभी आहेच की, तर लोक मला दारात उभं करतील का?

केंद्रात तसं नाही. प्रत्येक मुलाचा आलेख आहे, शिकवणाऱ्या प्रत्येक ताईच्या गळ्यात ओळखपत्र आहे, आणि मॅडमनी मला स्वच्छ सांगितलं, सहा महिन्यांत वाक्य. सात वर्षांत आपल्याला असं कुणी काही छातीठोकपणे सांगितलं होतं का?

घरी आपण पाळायचा नियम एकच. हात द्यायचा नाही. तिनं आपला हात धरून फ्रीजकडे, दाराकडे, कपाटाकडे ओढला की हात मागे घ्यायचा आणि म्हणायचं, "तोंडानं सांग." मॅडम म्हणतात, आपणच तिच्या हातातली काठी झालोय, काठी मिळते तोवर ती तोंड कशाला उघडेल? मला पटतं. मी घरात हात पँटच्या खिशात घालून फिरतो. माझी आई पाठीमागे बांधून फिरते, एखाद्या जेलरसारखी. काल ती भाजी चिरत होती, भिंगरी जवळ आली, तर हिनं सुरी टाकून हात मागे नेले. मला हसू आलं. आईला नाही आलं.

तुझा स्वेटर इथंच राहिलाय. पाठवू का ते कळव.


रविवार, ३० जून

बोलली.

बुधवारी केंद्रात "पाणी" म्हणाली. पालकांना आत बघू देत नाहीत, काचेला कागद लावलेला आहे, पण मॅडमनी मोबाइलवर दाखवलं. ताई पाण्याचा पेला स्वतःच्या हनुवटीपाशी धरून बसली आहे, भिंगरीचे ओठ हलतात, हलत राहतात, आणि मग येतं. पाणी. आपल्या लेकीचा आवाज कसा असेल याची मला कल्पनाच नव्हती. तुझ्यासारखा आहे, थोडा घोगरा. केंद्राच्या इमारतीत लिफ्ट आहे, तरी मी जिन्यानं उतरलो, कारण खाली जाईपर्यंत डोळे कोरडे व्हायला हवे होते.

आणि ते एकच नाही. आता ती वाक्य म्हणते. "मी छान आहे." काय झालं विचारा, कशी आहेस विचारा, काय हवंय विचारा, उत्तर ठणठणीत: मी छान आहे. मॅडम म्हणतात, आधी उत्तर द्यायची सवय, मग नेमकं उत्तर. शुक्रवारी वरच्या मजल्यावरच्या काकूंनी लिफ्टमध्ये सहज विचारलं, "कशी आहेस गं?" आणि ही म्हणाली, "मी छान आहे." काकूंनी तोंडात बोटं घातली. आजवर त्या आपल्या पोरीकडे बघून नुसता सुस्कारा टाकायच्या. आता बोल. हातच्या काकणाला आरसा कशाला?

आईच्या पोटात काही राहत नाही, तिनं तुला कळवलं असेलच, म्हणून मीच लिहितो. भिंगरीच्या मनगटावर दातांचे व्रण आहेत. तिचे तिनंच घेतलेले चावे. नव्या शिस्तीचा ताण, जाईल म्हणतात. लांब बाह्यांचे दोन फ्रॉक आणलेत.

या आठवड्यात कामावर एक गंमत झाली. एका इमारतीत तपासणीला गेलो. लिफ्टमध्ये माणसं जास्त झाली की जो भोंगा वाजतो, तो वाजेचना. वजनं चढवली, तरी गप्प. उघडून बघतो तर तार कापून वर चिकटपट्टी. सेक्रेटरी म्हणतात, "फार डोकं उठवायचा हो, सकाळ-संध्याकाळ. आता कशी शांतता आहे." मी त्यांना त्यांच्याच दारात उभं करून झाडलं. म्हटलं, आवाज बंद केला म्हणजे वजन कमी झालं का? त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तू असतीस तर म्हणाली असतीस, पुरे, हाताखालच्या पोरांसमोर तरी जरा हळू बोलावं.


रविवार, २१ जुलै

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, उलटतपासणी.

किती वेळ रडते. रडली तर कोण जवळ घेतं. काचेला कागद का. ताई बदलतात का. खाऊ कशाबद्दल देतात आणि कशाबद्दल काढून घेतात. भिंगरीनं नको म्हटलं तर ते काय करतात. तिकडे दादाच्या घरी बसून उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय. इथं रोज तिला घेऊन जातो मी, जिन्यात तिचे बूट घालतो मी. हल्ली ती त्या पायरीवर बसून राहते, दहा वेळा उठवावं लागतं, ते करतो मी.

तरी तुझ्या समाधानासाठी शेवटचा प्रश्न मॅडमना विचारला. विचारताना मलाच ओशाळं वाटत होतं, एवढ्या शिकलेल्या बाईची परीक्षा घेतल्यासारखं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "'नाही' आम्ही दुसऱ्या टप्प्यात शिकवतो. आधी 'नाही' शिकवलं तर मूल बाकी काही शिकतच नाही. सगळ्यालाच नाही म्हणतं." विचार करून बघ, यात चूक काय आहे? आधी पाया, मग मजले. त्यांनी असंही सांगितलं की मोठ्या टप्प्याच्या आधी मुलं टाळाटाळ करतात. पोट धरतात, झोपून राहतात, जेवत नाहीत. तिथं आपण विरघळलो तर सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

तू लिहिलंस, "ती आता स्वतःभोवती फिरते का?" नाही फिरत. तीच तर सुधारणा. नुसती बसते. भिंगरी हे नाव बदलावं लागणार आता, असं मी आईला म्हणालो. आई उठून आत गेली. तिचंही हल्ली तुझ्यासारखंच झालंय.

ते सोड. तू खातेस ना नीट? तुझं अक्षर बारीक झालंय.


सोमवार, १२ ऑगस्ट

आज तुला चांगली बातमी द्यायची म्हणून मधल्या सुटीत लिहायला बसलो. मशीनरूममध्ये बसलोय, कागदाला ग्रीस लागलं तर माफ कर.

भिंगरीला आज केंद्रात सगळ्यात जास्त तारे मिळाले. सबंध सकाळ एकदाही खुर्चीवरून उठली नाही. हात मांडीवर, नजर समोर. मॅडमनी मुद्दाम फोन करून सांगितलं, असं बसणं त्यांनी इतक्या लवकर फार कमी मुलांचं पाहिलंय.

आणि हे बघ, हे टिकवायला आपल्यालाही किती घट्ट व्हावं लागतं. शनिवारपासून तिचं जेवण कमी झालंय. काल दूध उलटलं. आई म्हणाली, नेऊ या डॉक्टरकडे. मी म्हटलं थांब, हे मॅडमनी आधीच सांगितलं होतं. आज सकाळी मी चहा करत होतो तर भिंगरी मागून आली आणि माझा हात धरला. किती दिवसांनी. हल्ली ती धरतच नाही. फ्रीजकडे नाही, दाराकडे नाही, नुसता स्वतःकडे ओढायला लागली, दोन्ही हातांनी, आणि चांगली ताकद लावून. खोटं कशाला बोलू, एक क्षण वाटलं द्यावा. पण मग सगळं मुसळ केरात. हात सोडवून घेतला, खिशात घातला आणि म्हणालो, "तोंडानं सांग. काय झालं?" तिनं माझ्या खिशाकडे पाहिलं. मग म्हणाली, "मी छान आहे." स्वच्छ, एकेक शब्द सुटा. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि बूट घातले. आज पायरीवर बसली नाही, वाकून वाकून चालली, पण चालली.

आता तरी मान्य कर. आडमुठ्या बापाचा हट्ट नव्हता तो. अजून दोन महिने, मॅडम म्हणाल्या, मग तुला हळूहळू भेटायला येऊ देतील. तुला बघून ती काय म्हणेल ते तुला माहीत आहेच. कान तयार ठेव.

पत्र आताच खाली जाऊन टाकतो, म्हणजे गुरुवारपर्यंत पोचेल.


शनिवार, १७ ऑगस्ट

हे पोस्टानं पाठवत नाही. तुझ्या पिशवीत ठेवतोय, तू वर तिच्यापाशी आहेस तोवर. मी खाली हॉस्पिटलच्या उपाहारगृहात बसलोय. चार दिवस आपण एका खोलीत आहोत, खाटेच्या दोन बाजूंना, आणि तू माझ्याशी एकच वाक्य बोललीस. "तिनं कुणालाच काही सांगितलं नाही?" मी म्हणालो, "नाही."

ते खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे तुला घरी गेल्यावर कळेल. तुझ्या दादाच्या टपालपेटीत माझं सोमवारचं पत्र पडलेलं असेल. मंगळवारी तू निघालीस तेव्हा ते वाटेत होतं. काल दिवसभर मी विचार करत होतो की दादाला फोन करावा, म्हणावं ते पाकीट फाडून टाक. नंबर लावला आणि ठेवून दिला. ते पत्र उघड. वाच. मी किती आनंदात लिहिलंय तेही वाच. तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. तिनं मला सांगितलं होतं.

मंगळवारचं तू नव्हतीस तेव्हाचं सांगतो, दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं. केंद्रातून फोन आला तेव्हा मी लिफ्टच्या टपावर उभा होतो. म्हणाले, खुर्चीवरून घसरली, घेऊन जा. पोचलो तर अंग तव्यासारखं तापलेलं, गुडघे पोटाशी. ताई रडत होती, लहान आहे ती, पोरच आहे. म्हणाली, "मी तीनदा विचारलं हो, काय होतंय, ती छान आहे म्हणाली." मी तिच्यावर ओरडलो नाही. कुठल्या तोंडानं ओरडणार.

इथं सर्जननी पोट दाबलं. लाकडासारखं झालं होतं. विचारलं, "बाळ, इथं दुखतंय?" ती म्हणाली, "मी छान आहे." दुसरीकडे दाबलं. "इथं?" "मी छान आहे." आवाज फुटत होता तरी म्हणत होती. सर्जननी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "अपेंडिक्स फुटलंय. एक-दोन दिवस तरी दुखत असणार. एवढं दुखताना मूल गप्प राहत नाही हो, घर डोक्यावर घेतं." मी म्हणालो, तिला ऑटिझम आहे. ते म्हणाले, "तरीही." स्ट्रेचर नेताना भेटेल तो तिला विचारत होता, कशी आहेस, आणि ती प्रत्येकाला उत्तर देत होती. एक नर्स म्हणाली, "किती गुणी पोर आहे."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना. आपण तर तोंड उघडायला शिकवलं आणि तरी तेच केलं. आपण नाही, मी. तू दारावर मुठी आपटल्या होत्यास.

सर्जन म्हणतात ती वाचली, आता धोका नाही. हे वाक्य मी मनात कितीदा म्हटलं असेल. पण काल टाके बघायला नर्स आली, तुझा डोळा लागला होता. नर्सनं पट्टी ओढली. भिंगरीच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिनं दोन्ही हात उचलून स्वतःच्या मांडीवर ठेवले. नीट, एकावर एक. मी खाटेपाशी होतो, माझे हात तिच्या समोर उघडे होते. तिनं ते पाहिलेसुद्धा नाहीत.

तिला तू दादाकडे घेऊन जा. मी अडवणार नाही. आई विचारत होती, मी पण जाऊ का त्यांच्याबरोबर, आणि मी जा म्हणालो.


रविवार, २२ सप्टेंबर

आईच्या फोनवरून कळतं तेवढं कळतं. भिंगरी आता काहीच बोलत नाही, "पाणी"सुद्धा नाही. तहान लागली की नळाजवळ जाऊन उभी राहते आणि कुणाच्या लक्षात येईपर्यंत तशीच उभी राहते. कुणाचा हात धरत नाही. हे ऐकून मी फोन ठेवला.

तू काही विचारलं नाहीस, पण मी केंद्रात जाऊन आलो. भांडायला गेलो होतो. मॅडमनी खुर्ची दिली, पाणी दिलं, झालं ते वाईट झालं म्हणाल्या, आणि ते मनापासून होतं, त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. मग आलेख काढला. तुझ्या माझ्या भिंगरीचा, रंगीत. सोमवार, १२ ऑगस्टवर रेघ सगळ्यात उंच गेली होती. "एवढी मजल मारलीय तिनं," म्हणाल्या. "खंड पडू देऊ नका, नाहीतर मागे जाईल." त्या दिवशी तिच्या पोटात काय चाललं होतं ते मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "पण बसणं मोजलंय ते बरोबरच मोजलंय." मला भांडता आलं नाही. त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांनी जे कबूल केलं होतं तेच दिलं, आणि मी तेच मागितलं होतं. त्या इमारतीच्या सेक्रेटरीला मी काय काय बोललो होतो ते तुला लिहिलंच होतं.

तिथून सायकलच्या दुकानावर गेलो. बाई जिन्यात आल्या, आत दुसरं मूल होतं. मला वाटलं होतं बोलतील चार शब्द, मी तयारी करून गेलो होतो. त्यांनी फक्त भिंगरीचं सगळं विचारून घेतलं. मी म्हणालो, "ती परत हात धरेल का कुणाचा?" त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही." मी जिने उतरलो. या वेळी त्या उत्तरात मला काही खोट दिसली नाही.

तुझी दोन ओळींची चिठ्ठी परवा आली. "इथे शिकवणाऱ्या दोघी जणी आहेत, दोघींचं नाव चांगलं आहे. येऊन भेट. एकट्यानं ठरवलं की काय होतं ते पाहिलं." ज्याचं जळतं त्याला कळतं, आणि तुझं जळत असताना तू मला बोलावलंस. मी येतो. दादाच्या घरी उतरणार नाही, बसस्टँडजवळ खोली बघतो.


सोमवार, १४ ऑक्टोबर

काल तू आत होतीस आणि मी न सांगता निघून गेलो, म्हणून लिहितो. रागावून गेलो नाही. आधी त्या दोघींचं सांगतो, मग ते.

पहिल्या बाई, मोठ्या इमारतीतल्या. सगळं चकचकीत, आणि त्या हुशार आहेत यात शंका नाही. त्यांनी आपणहून सांगायला सुरुवात केली की किती महिन्यांत काय होईल. मला एकदम चहाच्या कपाकडे बघावंसं वाटलं. मी तुझाच जुना प्रश्न विचारला, तू जुलैत विचारलेला आणि मी ज्यावर तुला उंट-शेळ्या ऐकवल्या तो. "मुलीनं नको म्हटलं तर तुम्ही काय करता?" त्या हसून म्हणाल्या, "ते आम्ही हाताळतो, तुम्ही काळजी करू नका." मी आभार मानले आणि उठलो. वर्षापूर्वी याच उत्तरावर मी निर्धास्त झालो असतो.

दुसऱ्या त्या शाळेच्या मागच्या खोलीतल्या. खोलीला दार आहे पण ते उघडंच होतं, एक आई आत कोपऱ्यात बसून विणकाम करत होती. मी त्यांनाही तोच प्रश्न विचारला. त्यांनी उत्तरच दिलं नाही. मलाच विचारलं, "ती नको कसं म्हणते?"

मी म्हणालो, ती बोलत नाही. त्या म्हणाल्या, "ते कळलं. पण नको असेल तेव्हा काय करते? प्रत्येक मूल काहीतरी करतं. मला ते आधी माहीत हवं, नाहीतर मी थांबू कशी?" मी खूप आठवलं. मनगट चावायची हे आठवलं. जिन्यात बूट घालताना पायरीवर बसून राहायची हे आठवलं. लहान असताना तोंड फिरवायची. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं, आणि त्यातलं एकही मी 'नको' म्हणून कधी ऐकलं नव्हतं. हल्लीचं, आजचं, मला काहीच माहीत नव्हतं. म्हणालो, तिच्या आईला विचारून सांगतो.

मग काल दुपारी तुमच्याकडे आलो. दादानं दार उघडलं आणि बाजूला झाला, एवढंच. भिंगरी मागच्या दारी पायरीवर बसली होती. केस वाढलेत तिचे. मी तिच्या शेजारी बसलो, मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडून. ती उठून गेली नाही. मी काही विचारलं नाही. कशी आहेस हे तर जीभ चावून गिळलं. नुसता हात काढला आणि माझ्या गुडघ्यावर ठेवला, तळवा वर करून. आई म्हणाली होती ना, कुणाचा हात धरत नाही. धरेल असं मला वाटलंही नव्हतं. पण खिशात ठेवून बसवेना.

तू स्वयंपाकघरात भांडी घासत होतीस, नळाचा आवाज येत होता. बराच वेळ ती नळाच्या आवाजाकडे कान देऊन बसली. मग माझ्या हाताकडे बघायला लागली. आणि तिनं तो धरला, मनगटाशी, दोन्ही हातांनी, पूर्वी धरायची तसा. वाटलं, तुला हाक मारावी. वाटलं, नळाकडे नेणार, पाणी मागणार, मी आयुष्यभर नळ सोडत बसेन. तिनं हात उचलला. तिच्या बोटांत चांगला जोर आलाय. सावकाश, इकडे तिकडे न बघता तिनं तो माझ्या पँटच्या खिशापाशी नेला आणि आत सरकवला. अंगठा बाहेर राहिला होता, तोही आत ढकलला. मग खिशावरून एकदा हात फिरवला, आणि पुन्हा आपले हात मांडीवर न ठेवता उठून तुझ्याकडे आत गेली.

मी तसाच बसलो. हात बाहेर काढला नाही. तिनं ठेवलेला होता. दादाच्या गल्लीतून बसस्टँडपर्यंत तसाच गेलो आणि तिकीट डाव्या हातानं घेतलं.

शाळेतल्या त्या बाईंचं पक्कं कर. माझी हरकत नाही, माझा होकार समज. मी कधी यावं ते भिंगरी ठरवेल, आणि तिनं काय ठरवलं ते तुला दिसेल, मला कळवत जा. आणि त्या बाईंच्या प्रश्नाचं उत्तर मी देतो म्हणालो होतो, ते त्यांना सांग. ती नको असं म्हणते: समोरच्याचा हात धरते, आणि तो त्याचा त्याला परत करते. मला तिनं सांगितलं आहे. मी या वेळी ऐकलं.